पडद्यावरची नशा आणि डोक्यातली नशा

‘रिक्वियम फॉर अ ड्रीम’ या २००० सालच्या सिनेमात एक तुकडा पुन्हापुन्हा येतो. पुडी फाटते, लायटर पेटतो, सुई दिसते आणि मग पडदाभर एक डोळा. त्याची बाहुली झपकन मोठी होते. सगळं मिळून काही सेकंदांचा खेळ. दिग्दर्शक डॅरन अ‍ॅरोनॉफ्स्की तोच तुकडा इतक्या वेळा दाखवतो की व्यसनातला यांत्रिकपणा अंगावर येतो. मजा कुठेच नाही, फक्त तीच ती कृती.

पण पात्रं घेतात ते हेरॉइन, आणि हेरॉइनने बाहुली मोठी होत नाही. ती आकसते, अगदी टाचणीच्या टोकाएवढी होते. अफूच्या जातीच्या जवळजवळ सगळ्याच द्रव्यांचं असं आहे. बेशुद्ध माणूस समोर आला की डॉक्टर त्याच्या पापण्या उघडून पाहतात, तेव्हा ही खूणही शोधत असतात. बाहुली मोठी होते ती एलएसडीने, कोकेनने. म्हणजे सिनेमाने हेरॉइन घेणाऱ्याला एलएसडीचे डोळे लावले.

ही चूक मला फारशी खटकत नाही. विस्फारलेला डोळा म्हणजे नशा चढली, हे प्रेक्षकाला न सांगता कळतं. आकसलेली बाहुली दाखवली असती तर बहुतेकांना काय घडलं तेच समजलं नसतं. कॅमेऱ्याला फक्त बाहेरचं दिसतं आणि नशा घडते आत. आतलं बाहेर आणायचं तर काहीतरी खोटं रचावंच लागतं. मात्र सिनेमातलं हे खोटं दोन प्रकारचं असतं. एक कलेच्या गरजेतून येतं आणि त्याने कुणाचं वाकडं होत नाही. दुसरं पाहून माणूस चुकीची गोष्ट शिकतो, आणि खऱ्या प्रसंगात तशीच वागतो. हे दोन प्रकार वेगळे ओळखता यावेत, एवढ्यासाठी हा लेख.

ट्रिपमध्ये खरोखर काय दिसतं?

एलएसडी, मॅजिक मशरूममधलं सिलोसायबिन, पेयोटे निवडुंगातलं मेस्कलिन ही सायकेडेलिक द्रव्यं, म्हणजे दिसणं, वाटणं आणि विचार करणं बदलून टाकणारी. त्यांच्या अंमलाखालच्या अनुभवाला ट्रिप म्हणतात. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलायला जी रसायनं वापरतात त्यांपैकी एक सेरोटोनिन. ते पेशीवरच्या ज्या ठिकाणी येऊन चिकटतं त्याला रिसेप्टर म्हणतात. सेरोटोनिनच्या रिसेप्टरचे बरेच प्रकार आहेत आणि सायकेडेलिक द्रव्यांची खरी मदार त्यांतल्या ५-एचटी२ए नावाच्या प्रकारावर आहे. झुरिकमधल्या फ्रान्झ फोलेनवायडर यांच्या गटाने १९९८ साली दाखवलं, की हा रिसेप्टर दुसऱ्या औषधाने आधीच अडवून ठेवला तर सिलोसायबिन देऊनही माणसाला ट्रिप येत नाही.

आता दिसण्याबद्दल. हाइनरिक क्लूव्हर या मानसशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात मेस्कलिनचे अनुभव गोळा केले. स्वतःही घेऊन पाहिलं. वेगवेगळी माणसं जे सांगत होती त्यात त्याला त्याच त्या आकृत्या भेटत गेल्या: जाळी, कोळिष्टक, बोगदा आणि गोल फिरत आत जाणारी सर्पिल रेघ. पुढे १९७९ साली एर्मेनट्राउट आणि कोवन या गणितज्ञांनी या आकृत्यांचा एक सुरेख उलगडा मांडला. डोळ्याच्या पडद्यावर पडलेलं चित्र मेंदूच्या मागच्या भागात जसंच्या तसं उतरत नाही. नजरेच्या मध्याला तिथे भरपूर जागा मिळते, कडेच्या भागाला फार थोडी. म्हणजे नकाशाच वेडावाकडा ताणलेला. त्यामुळे मेंदूच्या त्या भागात उत्तेजनाचे साधे सरळ पट्टे उमटले, तरी पाहणाऱ्याला ते वर्तुळं, बोगदे किंवा सर्पिल म्हणून दिसतात. डोळे मिटलेले असले तरीसुद्धा.

तेव्हा सिनेमातला तो प्रसिद्ध रंगीत बोगदा हवेतून आलेला नाही. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) मध्ये शेवटाकडे जो प्रकाशाचा प्रवास आहे, तो डग्लस ट्रम्बुलने स्लिट-स्कॅन या तंत्राने चित्रित केला. एका बारीक फटीमागे चित्र सरकवायचं आणि एकेका फ्रेमला बराच वेळ प्रकाश देत कॅमेरा त्या फटीकडे न्यायचा. त्या प्रसंगात कुणी नशा केलेली नाही. तरी तरुण प्रेक्षकांची गर्दी पाहून एमजीएम या चित्रपट कंपनीने पुढे त्या सिनेमाची जाहिरातच ‘द अल्टिमेट ट्रिप’ अशी केली.

डोळे उघडे असताना जे होतं ते याहून सौम्य असतं. भिंत श्वास घेतल्यासारखी फुगते आणि ओसरते, रंग गडद होतात, हलत्या हातामागे त्याचीच पुसट रांग राहते, झाडाच्या सालीत किंवा सतरंजीच्या नक्षीत चेहरे दिसू लागतात. जे समोर आहे तेच बदलतं. नसलेली गोष्ट पूर्ण खरी होऊन समोर उभी राहणं या द्रव्यांनी क्वचितच घडतं, आणि आपण काहीतरी घेतलंय म्हणून असं दिसतंय ही जाणीव बहुतेकांना बराचसा वेळ असते. ‘फिअर अँड लोदिंग इन लास व्हेगास’ (१९९८) मध्ये बारमधली माणसं महाकाय सरडे होतात. लोकांना आठवतो तो हा प्रसंग. पण त्याच सिनेमात गालिच्यावरची नक्षी वळवळू लागते, आणि सत्याच्या जवळ आहे ती ही नक्षी. ‘मिडसोमार’ (२०१९) मध्ये तर नायिकेच्या डोक्यावरच्या मुकुटातलं एक फूल हळूहळू उमलतं-मिटतं, मागची झाडं किंचित वितळतात, आणि कॅमेरा त्याकडे लक्षही वेधत नाही. आपल्याला वाटतं, मला भास झाला की काय! माझ्या मते इफेक्ट वापरून केलेलं इतकं नेमकं काम दुसरं सापडणं कठीण.

मग सरडे, भुतं, नसलेल्या माणसांशी गप्पा हे येतं कुठून? धोतऱ्यासारख्या वनस्पतींमधून येतं. त्यात अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन असतात, आणि ती सेरोटोनिनच्या वाटेला न जाता अ‍ॅसिटिलकोलिन या वेगळ्याच रसायनाचं काम बंद पाडतात. माणूस मग खरोखर भ्रमिष्ट होतो, समोर नसलेल्या व्यक्तीशी बोलत बसतो, आपण काही खाल्लंय हेही विसरतो. यात मृत्यूही होतो. सिनेमा धोतऱ्याचा भ्रम उचलतो, एलएसडीचे रंग उचलतो, दारूची झिंग उचलतो, आणि सगळं ढवळून ‘नशा’ या एकाच नावाने वाढतो.

झोपलेला माणूस कसा चित्रित करायचा

दिसणं हा सायकेडेलिक अनुभवाचा मोठा भाग नव्हेच, आणि सिनेमाची खरी पंचाईत होते ती तिथे.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांच्या गटाने केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ३६ निरोगी स्वयंसेवकांना सिलोसायबिन दिलं गेलं. सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी नंतर सांगितलं की हा आपल्या आयुष्यातल्या सगळ्यांत अर्थपूर्ण पाच अनुभवांपैकी एक होता. आणि सुमारे एक-तृतीयांश लोकांना त्या काही तासांत कधी ना कधी जबरदस्त भीतीही वाटली होती. आता ती खोली डोळ्यांसमोर आणा. कोचावर एक माणूस आडवा, डोळ्यांवर पट्टी, कानांवर हेडफोन, शेजारी दोन माणसं शांत बसलेली. कित्येक तास असंच. आत कदाचित तो आपल्या आईच्या मृत्यूला सामोरा जात असेल, कदाचित ‘मी’ नावाची गोष्टच विरघळून गेली असेल. कॅमेऱ्याला दिसतो फक्त झोपलेला माणूस.

वेळेचंही तसंच. सिलोसायबिनचा अंमल चार ते सहा तास, एलएसडीचा आठ ते बारा. त्यातला एकेक क्षण युगासारखा लांबतो, मधूनच कंटाळा येतो, पाणी प्यायचं की नाही हे ठरवण्यात अर्धा तास जातो. सिनेमा हे सगळं तीन मिनिटांच्या गाण्यात बसवतो. त्याला दुसरा इलाज नाही, हे मान्य. पण त्यामुळे नवख्या माणसाची समजूत अशी होते की ट्रिप म्हणजे नको वाटलं तर चॅनेल बदलावा असं काहीतरी. अंमल एकदा सुरू झाला की तो आपणहून ओसरेपर्यंत थांबावंच लागतं, आणि घाबरलेल्या माणसाला त्यातलाच जास्त त्रास होतो.

एलएसडी शोधणाऱ्या आल्बर्ट हॉफमन यांना याचा पहिला तडाखा बसला. १९ एप्रिल १९४३ रोजी त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे पाव मिलिग्रॅम एलएसडी जाणूनबुजून घेतलं. त्यांच्या अंदाजाने ही मात्रा अगदी किरकोळ होती. सायकलवरून ते कसेबसे घरी पोचले. दूध घेऊन आलेली शेजारीण त्यांना मुखवटा घातलेली दुष्ट चेटकीण वाटली. आपण वेडे होतोय, मरतोय, असं वाटू लागलं. डॉक्टर आले, त्यांनी तपासलं. मोठ्या झालेल्या बाहुल्यांखेरीज त्यांना काहीच वावगं सापडलं नाही. आत प्रलय चाललेला, आणि बाहेरून तपासणाऱ्याला त्याचा पत्ता नाही.

हे अंतर पार करायला दिग्दर्शकांनी काय काय केलं! रॉजर कॉर्मनने ‘द ट्रिप’ (१९६७) करण्याआधी स्वतः एलएसडी घेऊन पाहिलं. पटकथा जॅक निकल्सनची होती. सिनेमात रंगीत दिव्यांची उधळण, झपाट्याने बदलणारी दृश्यं, झगे घातलेले घोडेस्वार असं बरंच आहे. निर्मात्या कंपनीने मात्र घाबरून सुरुवातीला धोक्याची सूचना जोडली, आणि शेवटच्या स्थिर चित्रावर काच तडकल्याची नक्षी चढवली, म्हणजे प्रेक्षकांनी समजावं की हा माणूस आता कायमचा मोडला. कॉर्मनला शेवट मोकळा ठेवायचा होता.

दोन वर्षांनी आलेल्या ‘ईझी रायडर’मधला न्यू ऑर्लिन्सच्या स्मशानातला प्रसंग मला त्याहून कितीतरी खरा वाटतो. तो १६ मिलिमीटरच्या फिल्मवर घेतलेला आहे, भिंगामुळे कडा वाकलेल्या, सूर्य थेट कॅमेऱ्यात घुसतो, आणि वर कुणाच्या तरी प्रार्थनेचे शब्द एकसुरी चालू राहतात. पीटर फोंडा एका पुतळ्याला बिलगून आईशी बोलतो, रडतो, जाब विचारतो. त्याच्या स्वतःच्या आईने तो लहान असताना आत्महत्या केली होती, आणि दिग्दर्शक डेनिस हॉपरने त्याला त्याच जखमेवर बोट ठेवायला लावलं. सरडे नाहीत, बोगदे नाहीत. मनात दाबून ठेवलेलं एकदम वर येतं, आणि ते थांबवता येत नाही. सायकेडेलिक अनुभवाचं मर्म इथे पकडलं गेलंय.

आवाजाबद्दल एक सांगायलाच हवं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य सिनेमाने आणि पॉप संगीताने ट्रिप सुचवायला सतार हाताशी धरली. पंडित रविशंकर यांना याचं मनापासून दुःख होतं. मैफलीत नशा करून बसणाऱ्यांबद्दल त्यांनी उघड नाराजी व्यक्त केली होती. वर्षानुवर्षांची साधना मागणारं, प्रत्येक सुराला जागं असलेलं संगीत, आणि त्याचा उपयोग शुद्ध हरपल्याची खूण म्हणून! तो अन्याय अजून पुरता पुसला गेलेला नाही.

जिथे चूक महागात पडते

इथवरचं खोटं बिनधोक होतं. आता दुसरा प्रकार.

‘पल्प फिक्शन’ (१९९४) मध्ये नायिका कोकेन समजून हेरॉइन ओढते आणि कोसळते. तिला एका घरात नेतात, तिच्या छातीवर खूण करतात आणि थेट हृदयात अ‍ॅड्रिनलिनची सुई खुपसतात. ती ताडकन उठून बसते. चित्रीकरणात जॉन ट्रॅव्होल्टाने सुई छातीपासून मागे ओढली आणि ते दृश्य उलटं चालवलं. प्रसंग म्हणून तो थरारक आहे. उपचार म्हणून साफ चुकीचा.

हेरॉइनच्या ओव्हरडोसमध्ये मरण येतं ते श्वास थांबल्यामुळे. अफूच्या जातीची द्रव्यं मेंदूतल्या श्वासाचं नियंत्रण करणाऱ्या केंद्राला मंद करतात. श्वास उथळ होतो, दोन श्वासांतलं अंतर वाढत जातं, ओठ आणि नखं निळी-राखाडी पडतात. यात आरडाओरडा नाही, नाट्यमय झटकेही सहसा नाहीत. घशातून घरघर येते आणि शेजारच्या खोलीतल्या माणसांना वाटतं, गाढ झोपलाय, घोरतोय, झोपू दे. त्या घोरण्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे माणसं गेली आहेत. सिनेमाने ओव्हरडोस म्हणजे धडपड आणि किंचाळ्या असं शिकवलंय, म्हणून हा शांत मृत्यू समोर असून ओळखू येत नाही.

यावर उतारा आहे. नालोक्सोन हे औषध अफूची द्रव्यं ज्या रिसेप्टरवर बसतात तिथून त्यांना हुसकावतं. अमेरिकेत त्याला १९७१ सालीच मान्यता मिळाली. ते इंजेक्शनने किंवा नाकात फवारून देतात, हृदयात सुई खुपसण्याचा प्रश्नच येत नाही. ते हाताशी नसेल तर तातडीने रुग्णवाहिका बोलवायची, श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यायचा, चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवायचं. थंड पाण्याखाली धरणं, थोबाडीत मारणं, आधार देऊन फिरवत राहणं या पडद्यावरच्या युक्त्यांत मोलाची मिनिटं जातात. आणि नालोक्सोनचा असर पुष्कळदा हेरॉइनच्या आधी संपतो, म्हणून उठून बसलेल्या माणसाला तसंच घरी पाठवायचं नसतं. सिनेमात मात्र तो उठला की प्रसंग संपला.

‘ट्रेनस्पॉटिंग’ (१९९६) ने हे जास्त बरं हाताळलंय. नायक गालिच्यासकट जमिनीत रुतत जातो, कबरीत उतरावा तसा. वर संथ गाणं चालू आहे. त्याला फरफटत टॅक्सीत घालतात, रुग्णालयात इंजेक्शन मिळतं आणि तो दचकून श्वास घेतो. आतून किती निवांत वाटतं आणि बाहेरून तो किती मरणाच्या दारात आहे, दोन्ही एकाच चित्रात आलंय.

पण त्याच सिनेमाने पुढे एक घोळ घातला. आईवडील त्याला खोलीत कोंडतात, विथड्रॉवल, म्हणजे द्रव्य बंद झाल्यावर शरीराला होणारा त्रास, व्यसनी लोकांच्या बोलीत टर्की, सुरू होतो, आणि छतावरून मेलेलं बाळ रांगत येतं. अविस्मरणीय दृश्य. मात्र हेरॉइनच्या टर्कीत असे भास सहसा होत नाहीत. होतं ते फार अनाकर्षक असतं: सारख्या जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, हाडं पिळवटणारं दुखणं, उलट्या, जुलाब, झोपेचा पत्ता नाही. शेवटच्या डोसनंतर साधारण आठ-बारा तासांत हे सुरू होतं, दोन-तीन दिवसांत शिगेला पोचतं आणि आठवडाभरात ओसरतं. भयंकर असतं. तरी धडधाकट माणूस त्याने सहसा दगावत नाही, फक्त उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी जाऊ नये हे पाहावं लागतं.

भिंतीवर जिवंत काहीतरी फिरताना दिसतं ते दारू सुटताना. बिली वाइल्डरच्या ‘द लॉस्ट वीकेंड’ने १९४५ सालीच हे दाखवलं होतं. दारुड्या नायकाला भिंतीच्या भगदाडातून उंदीर डोकावताना दिसतो आणि वटवाघूळ झेप घेऊन त्याला मारतं. दारू सुटतानाच्या या अवस्थेला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास त्याने जीव जाऊ शकतो. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याने, किंवा झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागलेल्याने, एका झटक्यात सगळं बंद करणं खरोखर धोक्याचं आहे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. सिनेमाने नेमकं उलट बिंबवलंय. हेरॉइन सोडणं म्हणजे मरणयातना आणि दारू सोडणं म्हणजे एक घामेजलेली रात्र, सकाळी खिडकीतून ऊन, नायक दाढी करून तयार. घरच्यांनी हे खरं मानून कुणाला खोलीत कोंडून ठेवलं तर काय होईल याचा विचार करून माझ्या पोटात गोळा येतो.

गोष्टीचा साचा

इफेक्ट एकवेळ बदलले, गोष्ट फारशी बदलली नाही. पहिला झुरका, घसरण, मग मृत्यू किंवा पश्चात्ताप. १९३६ च्या ‘रीफर मॅडनेस’मध्ये गांजा ओढणारी मुलं थेट खून आणि वेड यांच्यापर्यंत पोचतात. सत्तरच्या दशकात महाविद्यालयीन तरुण तो सिनेमा विनोदी म्हणून पाहू लागले. धाक दाखवायला फुगवलेली गोष्ट पकडली गेली की ऐकणारा पुढचा खरा इशाराही कानाआड करतो.

दुसऱ्या टोकाला दाखवूच नका म्हणणारे. हॉलिवूडच्या निर्मात्यांनी स्वतःवर लादलेल्या नियमावलीत अमली पदार्थांचा विषय निषिद्ध होता. ऑटो प्रेमिंजरने ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ १९५५ मध्ये त्या नियमावलीच्या मंजुरीशिवाय प्रदर्शित केला, तो चालला, आणि पुढच्याच वर्षी नियम सैल झाला. भारतात ‘उडता पंजाब’ला २०१६ साली सेन्सॉर बोर्डाने सुचवलेल्या कापाकापीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. न्यायालयाने एका कटवर तो सोडला. विषय झाकून समाज वाचतो यावर माझा विश्वास नाही.

पण जवळून दाखवण्यालाही एक किंमत असते. २०११ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी धूम्रपान करणाऱ्यांचे मेंदू सिनेमा पाहताना स्कॅन केले. पडद्यावर कुणी सिगारेट ओढली की त्यांच्या मेंदूतले हाताच्या हालचाली आखणारे भाग जागे होत होते. न ओढणाऱ्यांमध्ये तसं दिसलं नाही. व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्याला सुई, पावडर, लायटर यांचे सुंदर क्लोजअप तलफ आणतात, मग सिनेमाचा संदेश कितीही व्यसनविरोधी असो. काय घेतलं, कसं घेतलं हे इतक्या बारकाईने दाखवण्याची गरज क्वचितच असते. चेहरा पुरतो.

आणि जे दाखवायची खरी गरज आहे ते पडद्यावर येतच नाही. मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन या, हेरॉइनऐवजी डॉक्टर देतात त्या औषधांवर वर्षानुवर्षं नीट जगणारी, रोज कामाला जाणारी माणसं सिनेमात शोधून सापडत नाहीत. पुन्हा घसरण झाली की पटकथा तिला शेवट समजते. प्रत्यक्षात घसरून पुन्हा उभं राहणं हे बऱ्याच जणांच्या बरं होण्यात असतंच. फक्त त्या घसरणीत एक मोठा धोका आहे, आणि तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. काही आठवडे हेरॉइन बंद राहिलं, मग ते उपचार केंद्रात असो वा तुरुंगात, की शरीराची सहनशक्ती उतरते. बाहेर आल्यावर माणूस आधीचीच मात्रा घेतो, आणि जी मात्रा पूर्वी फक्त त्याची टर्की थांबवत होती तीच आता श्वास थांबवते. म्हणून उपचार केंद्राच्या किंवा तुरुंगाच्या दारातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले दोन आठवडे सगळ्यांत जोखमीचे असतात. बहुतेक सिनेमे नायकाला त्या दारातून बाहेर आणून, कुणाच्या तरी मिठीत सोडून, नामावली सुरू करतात.